दारापासून वाळूपर्यंत किती पावलं? बीचवरच्या घराबद्दल तुमचे प्रश्न

फॅमिली ट्रिपचं प्लॅनिंग करून द्यायच्या कामात मला आता सतरा वर्षं झाली, आणि अजूनही सगळ्यात जास्त मेसेज येतात ते समुद्राजवळच्या घरांसाठीच. हॉटेलची रूम साधारण कशी असेल ते आपल्याला माहीत असतं, भाड्याच्या घराचं तसं नाही, घर वेगळं, मालक वेगळा, किनारा वेगळा, आणि पैसे मात्र आधीच भरायचे. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतलेत. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण आहोत, त्यात ७४ वर्षांची आई, तिचे गुडघे दुखतात. साइटवर कुठे 'बीचफ्रंट' लिहिलंय, कुठे 'सी व्ह्यू', कुठे 'बीच ॲक्सेस'. भाड्यात भरपूर फरक आहे पण फोटोत समुद्र सगळीकडे दिसतोच की. मग जास्त पैसे का भरायचे?

समुद्र दिसणं वेगळं आणि समुद्रापर्यंत पोचता येणं वेगळं, आणि तुमच्या आईसाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे.

बीचफ्रंट म्हणजे खरं तर घर आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता नाही, दुसऱ्याचा प्लॉट नाही, गेट उघडलं की वाळू. सी व्ह्यू म्हणजे कुठल्यातरी खिडकीतून समुद्र दिसतो, मध्ये चार पदरी रस्ता असला तरी ते खोटं ठरत नाही. वॉटरफ्रंट लिहिलं असेल तर अजून सावध राहा, कारण समोर पाणी आहे एवढंच त्यात म्हटलंय, ते खाडीचं असेल, तळ्याचं असेल, किंवा खाली नुसते खडक आणि बंधारा असेल, वाळूचं कुणी काही बोललेलं नाही. आणि बीच ॲक्सेस म्हणजे वाट आहे बाबा, पण किती लांब ते विचारल्याशिवाय कळत नाही. हे सगळे शब्द बहुतेक वेळा मालक स्वतः भरतो, कुणी टेप घेऊन मोजायला जात नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. नऊ वर्षांपूर्वी आम्ही एक घर घेतलं होतं, लिस्टिंगमध्ये बीचफ्रंट, व्हरांड्यातून खाली निळंशार पाणी, मध्ये खरंच रस्ता नाही काही नाही. गेल्यावर कळलं की घर कड्यावर आहे आणि वाळूवर उतरायला ८४ पायऱ्या. दगडी, एक उंच एक बुटकी, कठडा एकाच बाजूला आणि तोही शेवाळाने बुळबुळीत. सासूबाई पहिल्या दिवशी दोनदा बसत बसत खाली उतरल्या, पाय भिजवले, आणि वर यायला आम्हाला पाऊण तास लागला. पुढचे पाच दिवस त्या व्हरांड्यात बसून होत्या, बीचसाठी म्हणून हौसेने घेतलेली नवीन कापडी टोपी मांडीवर ठेवून, आणि आम्हालाच म्हणायच्या, जा तुम्ही, मी इथूनच बघते की. एका शब्दाने तक्रार केली नाही त्यांनी. मालकाने खोटं काहीच लिहिलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. ती टोपी मला अजून दिसते.

तेव्हापासून मी कुठलंही घर घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणसाच्या पायांनी चालून बघते. म्हणजे मालकाला लेखी विचारायचं, ॲपच्याच मेसेजमध्ये : दारापासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत, मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का, आणि मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढून पाठवाल का, घराच्या दारातून निघून ओल्या वाळूपर्यंत चालत, मध्ये न थांबता. चांगला मालक दोन मिनिटांचं काम म्हणून आनंदाने करतो. जो टाळाटाळ करतो, "खूप जवळ आहे, काळजी करू नका" एवढंच म्हणतो, त्याचं घर मी सोडून देते.

शिवाय सॅटेलाइट नकाशा आहेच. बऱ्याच साइट बुकिंग होईपर्यंत नेमका पत्ता देत नाहीत, नकाशावर नुसता गोल दाखवतात. पण फोटोतला छपराचा रंग, स्विमिंग पूलचा आकार, कोपऱ्यातलं वाकडं झाड बघून त्या गोलातलं घर बहुतेक वेळा सापडतं, पंधरा मिनिटं लागतात. सापडलं की नकाशातल्या मोजपट्टीने दारापासून पाण्यापर्यंत मोजा. आणि ते अंतर आईसाठी दुप्पट धरा, कारण कोरड्या, मऊ वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते, हे मोजून बघितलेलं आहे. ८० मीटर कागदावर काहीच वाटत नाही पण दुखऱ्या गुडघ्यांना ते लांबच.

तर तुमचं उत्तर : आईसाठी जास्त भरा, पण पायऱ्या नसलेल्या घरासाठी भरा, फोटोसाठी नको. सगळे धडधाकट असते तर मी उलट सांगितलं असतं, की मागच्या ओळीतलं घर घ्या, वाऱ्याचा त्रास कमी, शांतता जास्त, भाडं कमी आणि चालायला फक्त पाच मिनिटं.

प्रश्न : आमची मुलं २ आणि ५ वर्षांची. समोर बीच आणि आवारात पूल असं घर आवडलंय. पूल असला की मुलांचं पोहणं तिथेच होईल, समुद्राची भीती नको, असं मिस्टरांचं म्हणणं. बरोबर आहे का?

नाही, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण या वयाच्या मुलांसाठी घराजवळचं पाणी समुद्राइतकंच धोक्याचं असतं. जगात बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त १ ते ४ या वयात आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलवत नाही, आपल्याला सिनेमामुळे तसं वाटतं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर हाक कुठून मारणार. सगळं मिनिटभरात, कधीकधी त्याच्याही आत होतं, शेजारच्या खुर्चीवर माणूस बसलेला असताना होतं.

म्हणून पूलवालं घर बघताना पूल किती सुंदर ते नंतर. आधी विचारा, पूलला चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण आहे का, म्हणजे घराची भिंत ही चौथी बाजू धरलेली नको, कारण मग स्लायडिंग दार उघडलं की मूल थेट पाण्यावर. गेट आपोआप बंद होतं का आणि कडी मुलाच्या हाताच्या वर आहे का. इथे समुद्राजवळच्या घरांची एक खास भानगड आहे, खारा वारा लोखंड खातो. मी एका घरात बघितलंय, गेट छान, स्प्रिंगचं, नवीन रंग दिलेलं, पण आतली कडी गंजून फुगलेली, त्यामुळे ती खाचेत बसायचीच नाही, गेट आपलं बंद दिसायचं आणि बोटाने ढकललं की उघडायचं. फोटोत हे कधीच दिसणार नाही. पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी हे गेट दहा वेळा उघडून-बंद करून बघा, आणि नाही लागलं तर त्याच क्षणी मालकाला व्हिडिओ पाठवा.

मग बाल्कनी. कठड्याच्या दोन गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, अनेक देशांचे बांधकामाचे नियम साधारण याच मापाचे आहेत, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग निघतं. आडव्या पट्ट्यांचा किंवा तारांचा कठडा, जो हल्ली नव्या घरांत फार दिसतो, व्ह्यूसाठी म्हणे, तो मुलांसाठी शिडीच आहे, असं घर मी या वयात घेऊच देत नाही. आणि बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबल पहिल्या दिवशीच आत घ्या.

समुद्राकडचं दार हा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा. पाच वर्षांचं मूल पहाटे उठतं, सगळे झोपलेले असतात, त्याला काल बांधलेला किल्ला बघायचा असतो. दाराला वर कडी आहे का ते मालकाला विचारा, नसेल तर दार उघडल्यावर वाजणारा छोटा अलार्म मिळतो तो घेऊन जा, चिकटवायचा असतो, भिंतीला काही होत नाही.

आणि घरात चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पाण्याजवळ असताना एका वेळी एकच माणूस मुलांवर, त्याने फोन घ्यायचा नाही, दोन वर्षांच्या मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं, आणि अर्ध्या तासाने तोंडाने सांगून पाळी बदलायची, "आता तू बघतोस ना?" "हो बघतो." एवढं बोलून.

प्रश्न : घर कसं निवडायचं ते तुम्ही नेहमी सांगता पण किनारा कसा निवडायचा? मागच्या वेळी गेलो तर घर मस्त होतं पण सकाळी पाणी अर्धा किलोमीटर आत गेलेलं, नुसता चिखल. आणि दुपारी एवढ्या लाटा की मुलांना सोडायची हिंमत झाली नाही.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर घराच्या आधी हाच विचारायला पाहिजे, कारण सोफा खराब असला तर चालतं, किनारा खराब असेल तर ट्रिपच गेली.

आधी भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वा सहा तास, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त, साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त वर चढतं आणि जास्त आतही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा हा फरक कमी. पण मुळात फरक किती हे जागेवर अवलंबून आहे, कॅनडात फंडीच्या उपसागरात पाणी १५-१६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर अर्धा मीटरही नाही. त्यात किनारा अगदी सपाट असला की दोन-तीन मीटरच्या फरकातसुद्धा पाणी लांब जातं, तेच तुमचं झालं. त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच मिळतं, ते काढा आणि तुमच्या तारखांना सकाळी नऊ-दहाला काय आहे ते बघा. मुलांचा बीचचा वेळ तोच असतो, दुपारच्या उन्हात तुम्ही त्यांना नेणार नाही, आणि नेऊही नका, वाळू आणि लाटांचा फेस ऊन परत वर फेकतात त्यामुळे छत्रीखालीसुद्धा त्वचा भाजते.

अजून एक, उधाणाला काही ठिकाणी वाळूच शिल्लक राहत नाही, पाणी थेट बंधाऱ्याला लागतं. मालकाला विचारा, भरतीच्या वेळी समोर वाळू उरते का? या एका प्रश्नावर मी दोन बुकिंग सोडलीत.

आता लाटा. किनारा एकदम उतरता असेल तर लाट अगदी कडेला येऊन आपटते, गुडघाभर पाण्यात उभं मूलही त्यात कोलमडतं. हळूहळू खोल होणारा किनारा, दोन्ही बाजूंना डोंगराची सोंड किंवा समोर खडकांची रांग, असा अर्धगोल बीच लहान मुलांना सगळ्यात चांगला. सॅटेलाइट नकाशात पांढऱ्या फेसाच्या ओळी किती आणि किती लांबून सुरू होतात ते बघितलं की बरंच कळतं.

आणि पाण्याची ओढ, रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून परत समुद्रात जोरात जातं, त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढेही जातो, त्याच्या विरुद्ध भल्याभल्या पोहणाऱ्याचं चालत नाही. फसवी गोष्ट अशी की तिथे लाटा फुटत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे फेस आणि मध्ये शांत, जरा गडद पाणी दिसतं, आणि आपण म्हणतो इथे बरंय, इथे उतरू. तिथेच उतरायचं नाही. कधी सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, ती ओढ खाली नेत नाही, बाहेर नेते, तरंगत राहा, हात वर करा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाजूला व्हा, मग फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं परत या.

लाइफगार्ड असलेला बीच आणि नसलेला बीच यात निवड असेल तर मी डोळे मिटून लाइफगार्डवाला घेते, दोनशे मीटर जास्त चालावं लागलं तरी. वर लाल खाली पिवळा असा झेंडा म्हणजे इथे लाइफगार्ड बघतोय, अशा दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. जांभळा दिसला तर जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आहेत. देशोदेशी थोडा फरक असतो, तिथला बोर्ड आधी वाचा.

प्रश्न : एक घर फारच आवडलंय. मालक म्हणतोय साइटवरून करू नका, थेट माझ्या खात्यात भरा, १५ टक्के कमी करतो. करू का?

नका करू. तो खरा मालक असेलही, पण थेट पैसे गेले की साइटचा संबंध संपला, घर निघालंच नाही तर परत मागायला कुणी नाही. एअरबीएनबीसारख्या मोठ्या साइटच्या नियमात तर असं बाहेर पैसे मागणंच बसत नाही, म्हणजे जो पहिल्याच मेसेजला नियम मोडतोय त्याच्यावर तुम्ही घरच्यांना घेऊन जायचा भरवसा ठेवताय.

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, तेच घर दुसऱ्या नावाने, दुसऱ्याच देशात दिसलं की समजा. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा निम्मं, रिव्ह्यू शून्य, आणि "आज अजून तीन पार्ट्या विचारतायत" अशी घाई, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर मी पुढे बघतही नाही. पैसे भरायचे ते क्रेडिट कार्डने, काही फसलं तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागायची सोय असते, खात्यातून ट्रान्सफर केलेले पैसे परत आणणं फार कठीण.

प्रश्न : घराला ४.६ रेटिंग आहे, म्हणजे चांगलंच ना?

दिसतं तितकं नाही. लोक घर ठीकठाक असलं तरी पाच देतात, समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून. एअरबीएनबीवर सुपरहोस्ट, म्हणजे साइट चांगल्या मालकांना जो दर्जा देते तो, मिळवायला सरासरी ४.८ लागते, त्यावरून अंदाज घ्या. आकडा सोडा, रिव्ह्यू वाचा, आणि तेही ताजे, मागच्या सहा-आठ महिन्यांतले, कारण समुद्राजवळचं घर लवकर जुनं होतं. तीन आणि चार स्टारवाले आधी वाचा, त्यात माणूस चिडलेला नसतो पण खरं बोलतो. मी तर रिव्ह्यूच्या सर्चमध्ये थेट शब्द टाकते, पायऱ्या, वास, ओल, डास, एसी, आवाज. "व्ह्यू अप्रतिम" असं सगळेच लिहितात आणि घराबद्दल एक ओळ नाही, असं असेल तर त्यातच उत्तर आलं.

प्रश्न : आम्ही तीन भावंडांची कुटुंबं, एकूण ११ जण. '१२ जणांसाठी' असं घर मिळालंय, पण वहिनी म्हणतात की दाटी होईल. शिवाय पैसे कोण भरणार यावरून आत्ताच कुरबुर सुरू झालीय.

वहिनींचं ऐका. १२ जणांसाठी म्हणजे १२ जण आडवे होऊ शकतात एवढाच अर्थ, त्यात हॉलमधला सोफा-कम-बेड दोघांचा धरलेला असतो, आणि हॉलमध्ये जो झोपतो तो सगळे झोपल्यावर झोपतो आणि पहिला उठतो. खोल्या मोजा, दारं असलेल्या. त्याहून महत्त्वाचं बाथरूम मोजा. अकरा जण एकदम वाळूने भरून परत येतात, सगळ्यांना आंघोळ लगेच हवी असते, दोन बाथरूम असली तर शेवटचा माणूस दीड तास ओल्या कपड्यात. बाहेर पाय धुवायला नळ किंवा शॉवर आहे का हे नक्की विचारा, नाहीतर सगळी वाळू बाथरूमच्या मोरीत जाते, पाणी तुंबतं, आणि मग डिपॉझिटवरून वाद.

गरम पाण्याची टाकी केवढी हेही विचारा, आणि एसी प्रत्येक बेडरूममध्ये आहे का फक्त हॉलमध्ये, आणि वाय-फाय वरच्या मजल्यावर पोचतं का, हे कुणीच विचारत नाही आणि भांडणं यावरूनच होतात.

पैशाचं सांगते, मी हे अनेक घरांत बघितलंय. बुकिंग एकाच्या नावावर असतं, म्हणजे जबाबदारी पण त्याचीच, तोडफोड झाली तर त्याचंच कार्ड. म्हणून पैसे भरायच्या आधी ग्रुपवर चार ओळी लिहून टाका, एकूण किती, म्हणजे भाडं अधिक क्लीनिंग फी, साइटची फी, टॅक्स आणि डिपॉझिट धरून, रात्रीचं भाडं नव्हे, प्रत्येक कुटुंबाचा वाटा किती, ऐनवेळी कुणी आलं नाही तर त्याचा वाटा परत मिळणार का नाही. खोल्या पण आत्ताच ठरवा. समुद्राकडची खोली आई-बाबांना, हे आधी ठरलं तर कुणाला वाईट वाटत नाही, तिथे जाऊन ठरवायला गेलात तर पहिली संध्याकाळ त्यातच जाते. वाटा माणशी करायचा का खोलीमागे? माझं मत खोलीमागे, दोन वर्षांच्या मुलाचा वाटा मागितलेला कुणाला आवडत नाही.

आणि हो, अकरा म्हणजे अकराच लिहा. दोन मुलं लपवून नऊ लिहिलंत तर मालक दारातून परत पाठवू शकतो.

प्रश्न : नॉन-रिफंडेबल घेतलं तर स्वस्त पडतंय. पण त्या भागात वादळाचा सीझन असतो म्हणे. काय करावं?

वादळाच्या महिन्यांत नॉन-रिफंडेबल घेऊच नका. प्रत्येक समुद्राचे महिने ठरलेले असतात, उदाहरणार्थ उत्तर अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर, बाकी समुद्रांचे वेगळे, बुक करायच्या आधी त्या जागेचे बघून घ्या. कॅन्सलेशनच्या अटीत नुसती तारीख नाही तर वेळही वाचा, "पाच दिवस आधी" म्हणजे चेक-इनच्या तासापासून मोजलेले पाच दिवस, आणि तेही बहुतेक वेळा घराच्या ठिकाणच्या घड्याळाने.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेणार असाल तर बुकिंगच्या दिवशीच घ्या. वादळाला नाव मिळालं, बातम्यांत आलं, आणि मग पॉलिसी घेतली, तर त्या वादळाचं नुकसान ती पॉलिसी साधारणपणे देत नाही, कारण ते आता सगळ्यांना माहीत झालेलं असतं. नुसता सतत पाऊस पडतोय म्हणून मजा गेली, याचे पैसे मिळत नाहीत. घर राहण्यालायक नाही किंवा सरकारने भाग रिकामा करायला सांगितला, असं काहीतरी लागतं. पॉलिसीत ते शब्द शोधा.

आणि वादळाचं नाही तरी एक गोष्ट पहिल्या संध्याकाळी करा, उंचावर जायची वाट चालून बघा. जमीन जोरात, बराच वेळ हलली किंवा समुद्र अचानक ओहोटीची वेळ नसताना मागे गेला, तर ती त्सुनामीची खूण असू शकते, भोंग्याची वाट बघायची नसते, सामान सोडून वर जायचं असतं. रात्री अंधारात ती वाट शोधत बसायची वेळ मुलांसोबत कुणावर येऊ नये.

प्रश्न : घरात छुपे कॅमेरे असतील अशी भीती वाटते.

विचारा, लाजू नका. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायला पूर्ण बंदी केलीय, बाहेर असेल तर तो कुठे आहे हे लिस्टिंगमध्ये लिहावं लागतं. बाकी साइटचे नियम तिथे वाचा. आउटडोअर शॉवर आणि पूलकडे तोंड केलेला कॅमेरा असेल तर मी ते घर घेत नाही, नियमात बसत असला तरी.

प्रश्न : पोचलो तर घर फोटोतलं नव्हतंच, म्हणजे तेच होतं पण दहा वर्षं जुनं झालेलं. गाद्यांना ओलीचा वास, एक एसी बंद. मालक म्हणाला उद्या माणूस पाठवतो, तो आलाच नाही. आम्ही चार दिवस तसेच काढले आणि परत आल्यावर तक्रार केली तर काहीच मिळालं नाही. आमचं काय चुकलं?

फार वाईट वाटलं वाचून, चार दिवस त्या वासात राहणं सोपं नाही. चूक तुमची नव्हती, पण उशीर झाला. मोठ्या साइटवर तक्रारीला मुदत असते, एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तास, आणि फोनवर बोललेलं कुठेच नोंद होत नाही. मालक फोनवर "उद्या पाठवतो" म्हणाला की तुम्ही लगेच ॲपमध्ये लिहायचं : "आपलं आत्ता बोलणं झालं, उद्या सकाळी अकरापर्यंत एसी दुरुस्त करायला माणूस येईल असं तुम्ही सांगितलंत." बस. तो हो म्हणाला तरी नोंद, नाही म्हणाला तरी नोंद. अकरा वाजून गेले की साइटच्या हेल्पलाइनला, त्याच मेसेजचा आधार देऊन.

पुढच्या वेळी असं करा. दार उघडलं की मुलांना बाहेर पायरीवर बसवा एखाद्या मोठ्या माणसाबरोबर, आणि एकाने बॅगा तशाच ठेवून मोबाइल चालू करून सगळं घर फिरायचं. प्रत्येक खोलीत दिवा लावायचा, एसी लावायचा, नळ सोडायचा, गादीची चादर वर करायची, खिडकीची कडी लावून बघायची, कॅमेऱ्यासमोर. गॅसची शेगडी किंवा गिझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का बघायचा आणि बटण दाबून वाजवायचा, तो वायू वासाने कळत नाही. सगळं मिळून दहा मिनिटं. काही बिघडलेलं दिसलं तर तिथेच, बॅग न उघडता, मेसेज करायचा, कारण दुसरं घर मागायचं असेल तर पहिल्या दोन तासांत मागणं आणि तिसऱ्या दिवशी मागणं यात फार फरक पडतो.

निघताना पण तसाच व्हिडिओ परत काढा, रिकाम्या खोल्या, भांडी जागेवर, बाथरूमच्या मोरीतून पाणी नीट जातंय, गेट बंद, आणि चावी जिथे ठेवायला सांगितलीय तिथे ठेवताना शेवटचा फोटो. डिपॉझिट खात्यात परत येईपर्यंत ते दोन्ही व्हिडिओ फोनमधून काढू नका.